शेंदूर लागलेला वाघ

आये, आज कर्जतच्या पोस्टात वाघाचं नवं तिकीट आलंय. खिडकीवर ते पाहिलं आणि या वयात मी पुन्हा रांगेत उभा राहिलो. घरात सांगितलं तर म्हणतील, म्हाताऱ्याला चळ लागला. म्हणून तुला सांगतो.

ते दिवस आठव. स्टेशनाबाहेर माझं सायकलचं दुकान नुकतं उभं राहिलंय आणि मला तिकिटांचा नाद लागलाय. सरकारनं संपत चाललेल्या जनावरांची पाच तिकिटं काढलीत. गवा, हत्ती, सिंह आणि तू ज्याला तांबडं मांजर म्हणायचीस तो हिमालयातला पांडा, एवढी चार जमलीत. वाघ तेवढा नाही. भिवपुरीच्या वीजघराच्या वसाहतीत रविवारी तिकिटांचं प्रदर्शन आहे आणि तिथला कारकून बजावून गेलाय, "पाचही असतील तरच या. अर्धा संच आम्ही मांडत नाही." चौथीत शाळा सुटलेला माणूस मी. त्या शिकलेल्यांच्या भिंतीवर आपलं काहीतरी लागावं, याची मला भूकच लागली होती.

एक दिवस मी पंप मारतोय आणि बाकावर दोन तांदळाचे व्यापारी बोलतायत. माझे कान तुला ठाऊकच आहेत. "नागपूरहून कागद आले, जाडजूड पाकीट, वर वाघ चिकटवलाय." पंप टाकून मी त्या शेटच्या मागं. "शेट, कागद तुमचे, पाकीट माझं. वर्षभर तुमच्या सायकलला हवा फुकट." "हवा काय तुझ्या बापाची हाय रं?" शेट म्हणाला, पण पाकीट दिलं. घरी येईपर्यंत मी तीनदा सायकल थांबवून वाघ पाहिला.

तिकीट सुटावं म्हणून पाकिटाचा तेवढा तुकडा कापून चुलीजवळ ताटलीत भिजत घातला आणि विहिरीवर आंघोळीला गेलो. परत येतो तर ताटलीत नुसता कागद, आणि वाघ देव्हाऱ्यात. गवताच्या काडीनं, नेमका दोन डोळ्यांच्या मधे, शेंदराचा ठिपका.

"आये, काय केलंस हे?"

"मी काय केलं? वाघोबाला पान्यात बुडवून तू गेलास आंगोळीला. आपली गुरं त्याच्या डोंगरात चरतात रं. शिवंवरचा देव घरात आला, त्याला तसाच ठेवू?"

"आगं, तिकीट हाय ते."

"मंग? दगूड पन दगूडच व्हता, शेंदूर लावस्तवर."

त्या दिवशी मी जेवलो नाही.

तरी रविवारी देव्हाऱ्यातला वाघ घेऊन गेलोच. कारकुनानं भिंग लावलं. "हा लाल शिक्का कुठल्या पोस्टाचा?"

"आमच्या आयेच्या."

खोली हसली, तो हसला नाही. डागी माल म्हणून त्यानं माझा संच कोपऱ्यातल्या टेबलावर सरकवला. पण बघायला आलेल्या बायकांपैकी एकीला ठिपका दिसला. तिनं चप्पल काढली, हात जोडले आणि शेजारणीला बोलावलं. मग रांगच लागली. शेवटी कारकुनानं स्वतः खिळे आणले आणि माझा संच लावलेली पाटी मधल्या भिंतीवर ठोकली. पार घरापर्यंत मी सायकल कशी हाकली ते मलाच ठाऊक नाही. भिंतीचं तुला दोनदा सांगितलं.

एक मात्र तेव्हा सांगितलं नव्हतं. हे पत्र काही मी पेटीत टाकणार नाही, म्हणून आता सांगतो. निघताना कारकुनानं मला बाजूला घेतलं. "माझ्याकडं दोन कोरे वाघ आहेत. दोन्ही घ्या, हा मला द्या." एकाला दोन मिळत असताना मी नाही म्हणालो. अख्ख्या धंद्यात असा सौदा मी तेवढाच सोडला. तुला बोललो नाही, कारण तू काय म्हणाली असतीस ते ऐकूच येत होतं. "येडा हायस. दोनी घ्यायचं. शेंदूर घरात व्हताच की."