बाबांची मोटार आणि तुझी छाती

नीकानोर,

निवृत्त झालास, हाताला काम हवं, म्हणून बाबांच्या होडीची जुनी मोटार दुरुस्तीला घेतलीस. मी बोलले नाही. माझ्या सांकोचो रश्शाच्या पातेल्यात कार्ब्युरेटर उकळलास, तेही गिळलं. पण छातीचे टाके काढताना डॉक्टरांनी बजावलं होतं, मोटार सुरू करायची दोरी ओढायची नाही. काल मोटार बुडवून तपासायच्या पाण्याच्या पिंपाशेजारी पडलेला सापडलास आणि मोठ्या बहिणीला सांगतोस, "डुलकी लागली." डुलकीत कुणाचे ओठ निळे पडतात?

मी पहिल्या लाँचने मागांगेला डॉक्टरांना गाठायला चालले आहे. दोरी सोबत नेते आहे. शेजारच्या एलिओदोरोकडे मागू नकोस, त्याला दम दिलाय. भात झाकून ठेवलाय.

परत आल्यावर दोरी मी ओढेन. तू खुर्चीत बसून शिव्या दे.

एदुविहेस