रांगेतलं शेवटचं पोर

कारेगाव, ८ एप्रिल २०२५

ती. विनोदमामांस,
सुरेखाचा सप्रेम जय भीम. वि. वि. इकडे सगळं ठीक. या महिन्यात कंपनीत पहिली शिफ्ट आहे, म्हणून दुपारी बी.ए.चा अभ्यास होतो. कवितेबद्दल फोनवर बोलायचं नाही, शाईनं लिहायचं, हा तुमचा हुकूम. म्हणून हे पत्र.

आईच्या निरोप समारंभासाठी तुम्ही लिहिलेली कविता मिळाली. रसग्रहणाचा सराव तिच्यावरच केला, रागावू नका. आठ कडवी. आई ज्ञानाची ज्योत, क्रांतीची मशाल, त्यागाचा हिमालय. म्हणजे तीन रूपकं. अनुप्रास पोतंभर. पण म्हाळूआजोबांच्या शोकसभेतही हीच मशाल होती ना? शिवाय दर चौथ्या ओळीला आवाज चढतो आणि थांबतो. ही रचना कवितेची नाही मामा, टाळ्यांची आहे.

कोणावर आहे ते न सांगता मी ती आईला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, लई भारी हाय, पण ही बाई कोण म्हणायची, मंत्र्याची आई हाय का.

एकोणतीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस असलेल्या बाईला स्वतःच्याच समारंभात स्वतःची ओळख पटू नये, एवढं होऊ देऊ नका. सहाव्या कडव्यात एक ओळ अलंकाराशिवाय आहे. तेवढी पुन्हा वाचा.

लोभ या पत्रानंतरही शिल्लक राहू द्यावा.
तुमची सुरेखा

दौंड, १७ एप्रिल २०२५

चि. सुरेखा हिस अनेक आशीर्वाद.

जयंतीची पाच भाषणं करून घसा बसला आहे. पत्राला घसा लागत नाही, म्हणून मनसोक्त भांडतो. ज्यांच्या तोंडाला पिढ्यान्‌पिढ्या कुलूप होतं, त्यांनी मोठ्यानंच बोललं पाहिजे. टाळी ही काही लाच नव्हे. आपण एकटे नाही, हे ती माणसाला सांगते. मशाल मी सोडणार नाही.

एवढं लिहून सहावं कडवं काढलं. ‘खिचडी वाढताना तिची नजर रांगेतल्या शेवटच्या पोरावर.’ घरी भाकरी मोडतानाही ताई अशीच बघायची. त्या रांगेत शेवटचा मी होतो.

ओळ मोठ्यानं म्हणून पाहिली. आवाज चढेना. शेवट हिच्यावर केला आणि टाळ्या आल्याच नाहीत, तर?

तुझा घाबरलेला मामा, विनोद

कारेगाव, २२ एप्रिल २०२५

ती. मामांस जय भीम. नाही आल्या, तर आई बघून घेईल. मशाल पंधरा ऑगस्टला वापरा. मला सुट्टी नाही मिळाली, म्हणून सगळं सविस्तर कळवा.
सुरेखा

राहू, १ मे २०२५

चि. सुरेखा हिस आशीर्वाद.

काल सात कडवी खोडून उभा राहिलो. भाकरीचं सांगितलं, शेवटी ती ओळ वाचली आणि थांबलो. एकही टाळी नाही. पंख्याची घरघर ऐकू येत होती.

मग ताई उठली. डोळे पुसले, पेढ्यांचं ताट घेतलं. पहिल्या खुर्चीतल्या सरपंचांनी हात पुढे केला. ताईची नजर मात्र मागच्या भिंतीपर्यंत गेली, शेवटच्या माणसापर्यंत पुरतील का ते बघायला. अख्खी सभा हसली. ताईला आधी कळेना, मग कळलं, तशी तीही हसली. सरपंचांचा हात तोवर तसाच.

माझ्याजवळ आली तेव्हा पेढा हातावर ठेवून तिनं हळूच विचारलं, कवापासनं बघतुयास रं माझ्याकडं.

मी पेढा मोडला आणि अर्धा तिलाच भरवला. पेपर नीट लिही. मामावरची माया आणि तुझी लाल पेन्सिल, दोन्ही अशीच चालू ठेव.

तुझा मामा, विनोद