बारा बोर मोठी की वीस?

माउंट रॉस्किल, ऑकलंड
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. काशिनाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

आक्का म्हणजे तुझी थोरली बहीण. आठवते का बघ. बुटकी, तुझ्यापेक्षा उजळ, आणि तुला कडेवर घेऊन घेऊन जिची कंबर एका बाजूला गेली ती. परवा फोनवर "कोण बोलतंय?" म्हणालास, म्हणून ओळख करून दिली.

तुझा व्हिसा लागून महिना होऊन गेला. तिकीट कधीचं काढायचं ते सांगतो म्हणालास आणि विसरलास. पुन्हा विचारलं तर तुझी रेंज गेली. तुझी रेंज बरोबर तिकिटाच्या शब्दाला जाते, हे मी ओळखून आहे. म्हणून हा कागद. मी बोलतेय आणि विभावरी लिहितेय. सून असली तरी मी बोलेन तेच लिहायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. मी शाळेत गेले नाही ते तुला सांभाळायचं होतं म्हणून, तेव्हा निदान माझं पत्र पुरतं वाच.

इकडे सगळे खुशाल. चारुदत्तचं पोट सुटलंय, माझी कोथिंबीर गोगलगाई खातायत, आणि सलोनीने बंदूक घेतली.

हो, बंदूक. माझ्या नातीने, आपल्या सलोनीने. पेनरोजच्या गोदामात तिच्याबरोबर वरुण म्हणून एक नागपूरचा मुलगा आहे, त्याने हा नाद लावला. रीतसर लायसन काढलं. पोलिसांकडची एक बाई घरी येऊन कपाटाला कुलूप कसं आहे ते बघून गेली. मलाही विचारलं, मुलगी रागीट आहे का? मी म्हटलं, रागीट तिची आई आहे. (विभावरी, लिही, थांबू नकोस.)

पापाकुराच्या पुढे एकाचं मोठं रान आहे, तिथे हरणं त्याचं गवत खाऊन संपवतात. आपल्याकडच्या चितळासारखी ठिपक्यांची. तिकडे चितळाकडे नुसतं टक लावून बघितलंस तरी फॉरेस्टवाले नाव विचारतील. इथे मालक म्हणतो, मारा आणि न्या. फक्त त्याची एक अट आहे. रायफल आणायची नाही. तिची गोळी लांब जाते आणि पलीकडे शेजाऱ्याचं घर आहे. शॉटगन आणायची, आणि तिच्यात छर्रे नाहीत, एकच मोठी गोळी. तिला ही माणसं स्लग म्हणतात.

आता स्लग म्हणजे इंग्रजीत बिनशंखाची गोगलगायसुद्धा. सलोनीने बापाला फोन केला, "बाबा, येताना स्लग्ज मिळाले तर बघा ना." लायसन दाखवल्याशिवाय काडतूस मिळत नाही, हे त्या कॉम्प्युटरवाल्याला कुठे ठाऊक? त्याने हार्डवेअरच्या दुकानातून डबा आणला. निळे निळे दाणे. मुलगी बघतच राहिली. गोगलगाई मारायचं औषध! चारुदत्त म्हणतो, "एवढ्याने हरीण मरेल का, हे मला पण वाटलंच होतं." डबा मी माझ्या कोथिंबिरीला घेतला.

पण तू त्याला हसू नकोस. मी त्याच्यावर ताण केली.

वरुण म्हणाला बारा बोर घे, दुकानदार म्हणाला वीस बोर बघ. सलोनीने मला विचारलं, कारण तुझ्या केपाच्या बंदुकीत दारू ठासून द्यायला मी बसायचे, हे मीच तिला दहादा सांगितलंय. मी म्हटलं, वीस कशाला, एवढीशी पोर तू, बारा पुरे. वीस मोठे की बारा? तूच सांग!

तर वरुणची बारा बोर घेऊन दोघं रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर गेली. संध्याकाळी सलोनी आली ती खांदा धरून. वांग्यासारखा निळा. तीन बार काढले, तिन्हींच्या वेळी आधीच डोळे मिटलेले. "आजी, इट किक्स लाइक अ हॉर्स." मी हळद लावत विचारलं, मग वीस घेतली असतीस तर काय झालं असतं? तेव्हा कळलं की वीस लहान असते.

पुढच्या वेळी मी दुकानात सोबतच गेले. दुकानदार केवढा थोरला, दाढीवाला, मला बघून "किया ओरा" म्हणाला, म्हणजे इकडचा नमस्कार. मी पण म्हटलं. सलोनीच्या मार्फत त्याला सांगितलं, तुमचे आकडे उलटे आहेत. त्याने हातवारे करून समजावलं. एक रत्तल शिसं घ्यायचं. त्याच्या नळीत बसतील अशा बारा गोळ्या झाल्या तर बारा बोर, वीस झाल्या तर वीस. म्हटलं, असं सांग ना बाबा! तेवढ्याच पिठाचे बारा लाडू वळले की वीस. बाराचा लाडू मोठाच होणार. सलोनीने ते त्याला सांगितलं तसा तो एवढा हसला, की आता दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही हेच सांगणार म्हणाला.

वीस बोर घेतली. नळीच्या आत आटे पाडलेले आहेत, स्क्रूला असतात तसे. अशा नळीला गोळीही वेगळी लागते, प्लॅस्टिकचं झबलं घातलेली. आट्यांतून फिरत बाहेर पडली की झबलं गळून पडतं आणि गोळी सरळ जाते. गुळगुळीत नळीची काडतुसं वेगळी, ती हिच्यात वाया.

मग काडतुसं कुठली? तीन कंपन्यांचे तीन डबे घेतले. हरणाचं चित्र होतं त्या डब्यावर माझा भरवसा. रेंजवर पन्नास मीटरवरून कागदावर मारून बघितलं, तर माझ्या हरणाच्या गोळ्या एक इकडे, एक तिकडे, एक कागद सोडून. सगळ्यात साध्या डब्याच्या तिन्ही एका बशीखाली झाकतील अशा जवळ. दुकानदार म्हणतो, प्रत्येक बंदुकीची आपली आवड असते, मारून बघितल्याशिवाय ती सांगत नाही. तो कागद पत्रासोबत घातलाय. भोकं आहेत म्हणून फेकून देऊ नकोस.

सलोनी म्हणते आता सगळं स्वीट ॲज, म्हणजे झकास. कशासारखं स्वीट, ते इथे कुणीच सांगत नाही.

पण सगळं स्वीट नाही, काशिनाथ. काल भाजी निवडताना मला म्हणाली, "आजी, कागदावर बसतंय. पण समोर खरंच हरीण आलं, माझ्याकडे बघायला लागलं, तर?" चक्क मराठीत विचारलं. माझ्याकडे शिकार यायची ती टोपात. त्याच्या आधीचं मला काय माहीत? बार कधी काढायचा आणि कधी खाली घ्यायचा, हे तुला माहीत. तू कितीदा भरलेली बंदूक तशीच घेऊन परत यायचास, आणि आबा रागवायचे, आणि तू काही सांगायचा नाहीस. ते तिला सांगायला माणूस हवा. वरुण सांगेल, पण तो डबे आणि आकडे सांगेल.

एप्रिलमध्ये हरणांचे नर माजावर येऊन ओरडायला लागतात, तेव्हा ती जाणार. तुझी सोबत असेल तरच जाईन म्हणते. तुला लायसन लागत नाही, लायसनवाली शेजारी उभी असली की झालं. म्हणजे तू सलोनीच्या देखरेखीखाली. बघ, किती मानाची जागा काढलीय तुझ्यासाठी.

एवढं बोलले, पण विमलचं नाव घेतलं नाही. तूही फोनवर घेत नाहीस. ती गेल्यापासून तू पायरी उतरत नाहीस, बंदूक पुतण्याला देऊन टाकलीस, दुपारचं जेवण शेजारून येतं आणि अर्धं परत जातं. शकु मला सगळं सांगते. शेजारीण असावी तर अशी. तिच्यावर चिडू नकोस. तू तिथे अंधारात बसून राहिलास म्हणून विमलला बरं वाटेल, असं तुला वाटत असेल तर तुला तुझी बायको कळलीच नाही. ती मला म्हणाली असती, आक्का, ह्यांना कान धरून घेऊन जा. माझा हात तिथपर्यंत पोचत नाही रे. मीही आता ऐंशीच्या पुढे गेले. इथे सगळे प्रेमाचे आहेत, पण मला "आक्का" म्हणणारं कुणी नाही.

पाडवा करून नीघ. चारुदत्त तिकीट काढून ठेवतोय, मुंबईला बसवून द्यायला शकुचा मुलगा येईल. हे विचारत नाहीये, सांगतेय.

मिरची बाजारात आली असेल. विमल करायची त्याच मापाने मसाला करायचा, माप शकुला पाठ आहे. पण डंकावर तिला एकटीला पाठवू नकोस, स्वतः उभा राहून कुटून घे. दोन किलो पुरे. पोस्टाने पाठवशील तर परत करीन. कपड्यांच्या मधोमध ठेवून आण, आणि उतरल्यावर विचारलं तर लपवू नकोस, मसाला आहे म्हणून सरळ सांग.

तुझी,
आक्का