मधल्या रकान्यातला शब्द

आई, आज ऑफिसात तुझ्या एका शब्दावरून मी भांडले. चांगलीच भांडले, टेबलावर हात आपटला, चहा सांडला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तोंड पाह्य कसं चालते हिचं!" आणि मनातून खूश झाली असतीस.

अकोल्याचं आपलं घर आठवतं. तुझ्या शिलाई मशीनच्या मागे भिंतीला तार बांधलेली. डाव्या टोकाला कापायची कापडं, मधे शिवायला घेतलेले ब्लाउज, उजवीकडे तयार झालेले. बायका दारातूनच तारेकडे बघतात आणि तरीही विचारतात, "झालं का वं बाई?" तू मान वर न करता म्हणतेस, "होऊन राहिलं." एकदा तू कुकर उतरवायला आत गेली होतीस आणि दारात आलेल्या बाईंना बरं वाटावं म्हणून मी सांगून टाकलं, "झालं." तू आतूनच ओरडलीस, "काहून खोटं बोलतं वं? हुक लावाचे हायेत अजून!" त्या गेल्यावर मला जवळ बसवून म्हणालीस, "नाई म्हटलं त मानूस चिडते, झालं म्हटलं त आत्ताच मांगते. होऊन राहिलं म्हनावं. खरंही असते अन् धीरही देते."

तू गेलीस तेव्हा मी अमरावतीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या दोन खोल्यांत कंपनी उघडायच्या धडपडीत होते. काय करतेस म्हणून तू विचारायचीस आणि मला काही धड सांगता यायचं नाही. आता सांगते. आम्ही तुझी तारच स्क्रीनवर बांधली, बस. तीन रकाने, कामाची एकेक चिठ्ठी बोटानं डावीकडून उजवीकडे सरकवायची, म्हणजे कुठलं काम कुठे अडलंय ते सगळ्यांना दिसतं. पहिलं गिऱ्हाईक एक मंडपवाले काका. त्यांच्यासाठी मधल्या रकान्याला नाव देताना माझा हात आपोआप चालला, 'होऊन राहिलं'. काका हसले, म्हणाले, "हे बरं केलं, आता मले समजावून नोका सांगू." मग छापखाने आले, कापसाचे जिनिंगवाले आले, नागपूरचे बिल्डर आले. आता इथे अख्खा मजला आपला आहे आणि पुण्यात दुसरं ऑफिस उघडतंय.

तिथलीच नवी डिझायनर आज म्हणाली, "मॅडम, हे जरा गावाकडचं वाटतं. 'प्रगतिपथावर' करूया?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "प्रगतिपथावर सरकारी पूल असतो. तो कधी पूर्ण झालेला पाहिलायस?" सगळे हसले, ती बिचारीही हसली. मग मी गिऱ्हाइकांना हा शब्द आवडतो, हीच आपली ओळख आहे, असं बरंच काही ऐकवलं. शब्द राहिला.

ते सगळं खरं आहे, पण कारण ते नव्हतं. तुझे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. घरात आता असं बोलणारं कोणी उरलं नाही, मीही बोलत नाही. सकाळी स्क्रीन उघडली की ते दोन शब्द मी तुझ्याच आवाजात वाचते. फार आठवण येते गं. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथे लिहिते: बैठकीत मी तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर सगळ्यांसमोर रडले असते.