फळीवर उभी होते

मंद्रूप

चि. गुरप्पास अक्काचे आशीर्वाद.

तुझी शुगर कशी आहे? धनलक्ष्मीच्या गुडघ्याची सूज उतरली का? प्रभूचा खोकला थांबला का? मी बरी आहे म्हणते, पण घास उतरत नाही बघ.

सोमवारी सोलापूरच्या कोर्टात उभं राहायचंय, सख्ख्या भावाला धमकी दिली म्हणून. दारात मोटारसायकल वाजली तरी पोलीस आले म्हणून कडी लावते.

त्या दिवशी तू मोजणीवाल्यांना घेऊन शेतात आलास. बोअरची वायर तुटून चिखलात करंट उतरला होता, आणि तू चपला काढून हातात घेतल्यास. मी ओरडले, "पाऊल टाकलंस तर तंगडं तोडीन!" लहानपणी तू विहिरीकडं पळायचास तेव्हा हेच ओरडायचे की, तेच तोंडात आलं. हातात कडब्याचा कोयता होता, हेही खरं. वायरीचं सांगेपर्यंत तू "बघा, जमिनीसाठी अक्का जीव घेईल" म्हणत निघून गेलास. मोजणीवाल्यानं मोबाईलवर काढलेला व्हिडिओ बघून फौजदार म्हणाले, "आजी, व्हिडिओत वायर कुठं दिसते?"

गुरू, तो व्हिडिओ पुन्हा लाव. माझ्या तोंडाकडं नको, पायाकडं बघ. चिखलात कोरड्या फळीवर अंग चोरून उभी आहे मी. भांडायला आलेली बाई अशी उभी राहते का? वकिलांना पटत नाही, तुला पटेल.

तुला एक अक्षर पाठवलं तरी जामीन जाईल, असं वकील बजावतात. हे पोस्टात टाकायचं धाडस होत नाही. तरी लवकर लिही रे. "पाय बघितले, अक्का," एवढंच लिही.

तुझी अक्का,
शरणम्मा