अडकलेल्या मुकुटापायी झालेले निलंबन

प्रति,
मा. संचालक डॉ. हेमचंद्र सबनीस,
बीज संशोधन केंद्र, लखनऊ.

विषय : माझे पती, चालक श्रीपत गजभिये यांचे निलंबन मागे घेणेबाबत.
संदर्भ : आपले ज्ञापन, दि. १२ नोव्हेंबर २०१४.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय कळविते की, मी दर रविवारी वसाहतीच्या सभागृहात मराठी मुलांना गोष्टी वाचून दाखविते. आपली कन्या कु. कौमुदी (वय ८) नियमित येते.

१. दि. ९ रोजी मी स्वतः लिहून चितारलेले 'अडकलेला मुकुट' हे पुस्तक वाचले. गर्विष्ठ राजाचा मुकुट डोक्यात रुततो. लोणी चोळतात, हत्ती जुंपतात, निघत नाही. राजा ज्याला टाकून बोलला त्याला "माझं चुकलं" म्हणतो, तेव्हाच निघतो. मुले लोळून हसली. मग पुठ्ठ्याचा मुकुट एकेकाला घातला व प्रत्येकाने आपली चूक सांगून तो उतरविला. कौमुदी मात्र मुकुट न उतरविता तो घालूनच घरी गेली.

२. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना, आपल्या दिल्लीच्या पाहुण्यांदेखत, ती माझ्या पतींना म्हणाली, "श्रीपत अंकल, माझं चुकलं. मैं रोज आपकी सीट को लात मारती हूँ." आणि मुकुट काढला. ज्ञापनात "साहेबांच्या कन्येस चालकापुढे झुकविले" असे नमूद आहे. अहो, ते बिचारे काच पुसत होते! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

३. राजा आपल्यासारखा दिसतो, असाही आक्षेप आहे. राजाला चष्मा व पोट आहे. हजरतगंजच्या बाजारात दहा मिनिटे उभे राहिल्यास असे पन्नास राजे दिसतील. तरी चष्मा खोडला आहे. पोट खोडले तर राजाच उरत नाही.

४. पती रोज सकाळी सातला इस्त्रीचा गणवेश घालून खाटेवर बसतात. धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. बावीस वर्षांत त्यांनी गाडीला ओरखडा येऊ दिलेला नाही. मला फार भीती वाटते, साहेब.

५. आपण त्यांच्याकडून माफीनामा मागितला आहे. ते लिहायला बसलेही होते; कागद मी फाडला. न केलेल्या गुन्ह्याची माफी कसली? चूक माझी आहे, आणि ती वेगळीच आहे. साहेबांच्या लेकीने माझ्या नवऱ्याची माफी मागितली, हे मी सब्जीवाल्या भैयापासून शेजारच्या मनीषाताईंपर्यंत सगळ्यांना मान ताठ करून सांगितले. मुलांना नम्रता शिकवता शिकवता मीच फुगले. त्याबद्दल मनापासून म्हणते, माझं चुकलं. वर्ग बंद ठेवा, मी हूं की चूं करणार नाही. पण पतींना गाडीची चावी परत द्यावी, ही विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सौ. माया श्रीपत गजभिये
इंदिरा नगर, लखनऊ
दि. १७ नोव्हेंबर २०१४

सोबत :
१) ज्ञापनाची प्रत.
२) पुस्तक (चष्मा खोडलेले).
३) पुठ्ठ्याचा मुकुट. काल सभागृहाला कुलूप पाहून कु. कौमुदी तो आमच्या घरी घेऊन आली. "बाबांना बसेल एवढा मोठा करून द्या," म्हणाली. तसा करून दिला आहे.