तिरल्यापुढचं वळण

देवास,
११ सप्टेंबर २०२५

ती. दादास,

विनोदिनीचा नमस्कार. पत्र पाहून वहिनी म्हणेल, हिचा फोन बिघडला. बिघडलेला नाही. फोनवर तू "हो, ठीक आहे" एवढंच म्हणतोस आणि तो तिच्या हातात देतोस. म्हणून कागद.

इकडे बरं आहे. गुडघा दुखतो. नळाला पाणी एक दिवसाआड. वहिनीच्या करंज्या पुरवून पुरवून खाल्ल्या.

तू विचारलं होतंस, निवृत्त झाल्यावर या वयात महामार्गाच्या ऑफिसात मी काय करते. रस्ता तपासते, खुर्चीत बसून. गाडीच्या टपावर लेझर लावून अख्खा रस्ता मोजून आणतात. मग कॉम्प्युटरवर ठिपक्याठिपक्यांचा तसाच रस्ता उभा राहतो. खांब, पुलिया, उतार, भेगासुद्धा. रुंदी वाढवायची, डागडुजी करायची, ती आधी या रस्त्यावर करून बघायची. आमच्या वेळी फीत धरून उन्हात चालायचो. आता ऊन नाही, पण संध्याकाळी अंगात त्राण तेवढंच उरतं. या वर्षी तर जास्तच थकले आहे.

मॉडेलमध्ये फक्त रस्ता ठेवायचा असतो. मोजताना मध्ये आलेली गुरं, ट्रक, माणसं पुसून टाकायची. ते काम ईशानी करते. इंदूरची पोरगी, हुशार, तोंडाचा पट्टा अखंड चालू. गेल्या महिन्यात म्हणाली, "मॅडम, तिरला के आगे वाले टर्न पे एक अंकल बैठे हैं. बिलकुल रोड से चिपक के. हटा दूँ?"

मी म्हटलं, थांब.

ठिपक्यांना चेहरा नसतो, दादा. पण छत्री मागे कॉलरला अडकवून बसणारा माणूस मला सगळ्या धार जिल्ह्यात एकच माहीत आहे. पुढ्यात जमिनीवर काहीतरी पसरट होतं. ईशानी म्हणाली, "खाना खा रहे होंगे." मी मोजणीची तारीख पाहिली. गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी तू मोहनखेड्याच्या ट्रस्टचं काम आहे असं घरी सांगून गेला होतास.

ते पान मननचं होतं.

बापाने लेकाचं श्राद्ध करू नये, असं गुरुजींनी सांगितलं तेव्हा तू नुसती मान हलवलीस. घरात त्याचं नाव निघालं की तू पेपर उघडतोस. मला वाटलं, याने पोराला मनातून काढलं. मला फार राग होता तुझा. आणि तू त्याची मोटरसायकल घसरली तिथेच, ट्रकच्या वाऱ्यात, घास ठेवून बसतोस. कावळा शिवतो का रे तिथे?

आता कामाचं लिहिते, नीट वाच. मॉडेलवर पाऊस पाडून बघता येतो. त्या वळणावर पाणी वाहून जात नाही, मधोमध थांबतं. उतारच तसा आहे. तू सगळ्यांना सांगत आलास, पोरगा बेफाम चालवायचा. तो किती वेगात होता हे मॉडेल सांगत नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. पण तो गेला त्या दिवशी पाऊस होता, आणि पाणी तिथे साचतं. एवढं मी सही करून ऑफिसात दिलं आहे. उतार बदलायचं ठरलं.

त्यासाठी पुढच्या आठवड्यात अर्धा रस्ता खणतील. सगळे ट्रक तू बसतोस त्या कडेवरून जातील. सर्वपित्री एकवीस तारखेला, रविवारी आहे. तू जाणार, हे मला ठाऊक आहे. जाऊ नकोस.

परवा तुला मी पुसलं. ईशानीला करू दिलं नाही. एक बटण असतं, दाबलं. मग रिकामं वळण बघत बसले, आणि चहा न घेताच घरी आले. खऱ्या रस्त्यावर ही पाळी माझ्यावर आणू नकोस.

आदल्या दिवशी, शनिवारी, वहिनीला घेऊन देवासला ये. तिला काय सांगायचं याची काळजी करू नकोस. ट्रस्टच्या कामाला जाताना खीर-वडे डब्यात मागणारा नवरा कुठे जातो, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं असणार. ती बोलली नाही, कारण तू बोलला नाहीस. आपण सगळे त्यातलेच.

माझ्या गच्चीवर कावळे पुष्कळ येतात. पान मी वाढीन. आत्याने वाढू नये असं पोथीत असेल तर असू दे. तू नुसता बाजूला बस. ऊन असतं, छत्री आण.

वाट बघते.

मननची आत्या,
विनू